टेंभधरीचे दोन धूर

८ जुलै १९७३, रविवार. हिंगोली

'टेंभधरीचे तिघे'ची तिसरी आवृत्ती छापायला घेतली आहे. आधीच्या दोन्ही नरसीच्या जत्रेत आणि एसटी स्टँडांवर तीन वर्षांत संपल्या. सतरा सप्टेंबरला निजामाचं राज्य जाऊन पंचवीस वर्षं होतील. त्या दिवशी टेंभधरीत किशनरावांना मानपत्र द्यायचं आहे आणि त्याच मांडवात नवं पुस्तक. म्हणून घाई.

दुपारी छापखान्यात एक बाई आली. पंचेचाळिशीची असेल. खांद्यावर घोंगडी, हातात माझंच पुस्तक, पहिल्या आवृत्तीचं, पिवळं पडलेलं. मला वाटलं सही मागायला आली. अशी माणसं येतात आणि मला ते आवडतं, इथे खोटं कशाला लिहू.

"तुमीच का बुकवाले हरिचंदभाऊ?"

"मीच. बसा. पाणी घेता?"

आमच्या घरचं पाणी घ्यायचं की नाही याचा काही जण अजून विचार करतात. मी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असतो. ही गटागट प्याली, तांब्या पालथा घातला आणि पुस्तक माझ्यापुढे उघडलं. एका पानाचा कोपरा इतक्यांदा दुमडलेला की तुटायला आलेला.

"मला वाचता येत न्हाई. पन पान ठावं हाय. ह्यात माझे मालक हायेत."

नवऱ्याचं नाव ती घेईना. पान बघून मीच घेतलं. सटवाजी. धुराचा सटवाजी.

पुस्तकात काय आहे ते इथे आहे तसं उतरवून ठेवतो, म्हणजे उद्या मला मलाच फसवता येणार नाही. मे अठ्ठेचाळीस. पैनगंगेपलीकडून वऱ्हाडातून आलेले चार तरुण टेंभधरीच्या घळीत लपले होते. टेकडीवर सटवाजी धनगर मेंढरं चारत होता. भरदुपारी त्यानं एकामागून एक दोन धूर केले. नदीच्या उतारावर निजामाचा नाका होता. तिथल्या हत्यारबंद शिपायांनी ती खूण ओळखली आणि घळ घेरली. तिघे जागीच गेले. चौथे किशनराव, ते निसटले आणि हे सगळं त्यांनीच मला सांगितलं. शेवटचं वाक्य मात्र माझं आहे: 'धूर वर गेला तसा सटवाजी हसला.' ते किशनरावांनी सांगितलं नव्हतं. ते मी घातलं. लोकांना तेच वाक्य पाठ आहे.

"मालक गेल्या साली वारले," जनकाबाई म्हणाली. हे तिचं नाव. "खांदा द्यायला चौघं व्हते. चारी बी घरचे. आता नवं बुक येऊन राहिलं म्हनतेत. त्यात त्यायला घालू नका."

"बाई, इतिहास असा काढून टाकता येत नाही." हे बोलताना मला स्वतःचाच आवाज बरा वाटला.

"घालता येतो, अन् काढता येत न्हाई व्हय," ती म्हणाली. मग म्हणाली, "धूर केला व्हता, खरं हाय. हासले बी व्हते, ते बी खरं हाय. कशापायी, ते तुमी कोनालाच इचारलं न्हाई."

मी विचारायच्या आत ती पायरी उतरून गेली. बस होती तिची.


११ जुलै, बुधवार

रात्रीची झोप नीट नाही. ते हसणं मी मनानं घातलं होतं, आणि ही म्हणते ते खरं होतं.

सकाळी सायकल एसटीच्या टपावर टाकून कळमनुरीला गेलो. तिथून पुढे दोन कोस. गायरानात जनकाबाईचा वाडा, म्हणजे मेंढरांचं कुंपण, एक पाल, तीन दगडांची चूल. तिचा मुलगा भुजंग कोकरू मांडीत घेऊन त्याचा खूर बघत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"या या. तुमच्यापायी आमाला समदा तालुका वळखतो. आमदाराला बी इतका वळखत न्हाई."

मी हसलो. मला कुणी टोमणा मारला की मी हसतो, धंद्याची सवय आहे. तो हसला नाही.

शेतकरी मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात. आठ-दहा रात्री कळप बसला की लेंड्यांचं खत पडतं, धनगराला ज्वारी मिळते. यांची जिंदगी त्याच्यावर. पुस्तक निघाल्यापासून सटवाजीच्या घरच्यांना बोलावणं बंद झालं. एका पाटलानं तर तोंडावर सांगितलं, तिघांच्या रक्ताचं खत मला नको. हे वाक्य माझं नव्हतं, पण बोलण्याची ढब माझ्या पुस्तकातली होती.

"नव्या बुकात बी बाचं नाव आलं तर कळप इकून टाकतो अन् ऊस तोडाया जातो," भुजंग म्हणाला. "दसऱ्यापस्तोर वाट बघतो. मंग न्हाई."

जनकाबाईनं चहा ठेवला आणि चुलीकडे तोंड करून सांगितलं. तिचे शब्द जमतील तितके तसेच लिहितो.

"माझं माहेर नदीच्या पल्याड. हे पोरगं झालं तवा आमी टेंभधरीच्या टेकडीवर व्हतो. नाक्यावरून मानूस सोडीत नव्हते, पल्याड सांगावा धाडायचा कसा? आमच्यात पाचवीला सटवाईची पूजा झाली की गवऱ्यावर दूध उतू घालतेत. मंग त्याच इस्तवावर ओला लिंब टाकायचा. एक धूर केला तर लेक. दोन केले तर ल्योक. आमच्या बाच्या वाड्यावरून ती टेकडी दिसायची. मालकांनी पयला धूर केला, दमानं दुसरा केला. अन् मग माझ्याकडं बघून हासले." ती थांबली. "पयलं लेकरू व्हतं, भाऊ. हासंल न्हाई तर काय करंल मानूस?"

भुजंग कोकराच्या खुरातला काटा काढत होता. दोन धुरांपैकी दुसरा धूर म्हणजे हा माणूस. हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.


१३ जुलै

किशनरावांकडे गेलो. मी आज जो कोण आहे तो त्यांच्यामुळे. चौदाव्या वर्षी त्यांच्या छापखान्यात झाडू मारायला लागलो. त्यांनी खिळ्यांच्या पेटीत बोट धरून अक्षरं दाखवली. आपल्या कपातला चहा अर्धा बशीत ओतून मला दिला, तोही दुकानात, चारचौघांसमोर. सन पन्नासची गोष्ट. तेव्हा असं कोण करत होतं?

जनकाबाईचं सगळं सांगितलं. ते पानाला चुना लावत होते. हात थांबला नाही.

"बाई चांगली गोष्ट सांगते. तुझ्यासारखी."

"पण भाऊ, धूर तुम्ही नक्की बघितला होता?"

"या डोळ्यांनी. कौलांच्या वर एक सरळ गेला. तो विरायच्या आत दुसरा. वारा नव्हता अजिबात."

त्यांना असे बारकावे बरोबर आठवतात. 'कौलांच्या वर एक सरळ गेला', वाक्य चांगलं आहे, नव्या आवृत्तीत घ्यायला हरकत नाही.

निघताना ते दारापर्यंत आले. "हरिचंद, तू लिहिणारा आहेस म्हणून सांगतो. एक नाव पुसलंस की तिथं भोक पडतं. मग लोक त्या भोकातून आत बघायला लागतात. म्हणतील, हा नव्हे तर कोण? काय उत्तर देणार आहेस?"

माझी किती काळजी करतात. स्वतःची तब्येत ठीक नसताना.


२२ जुलै, रविवार

जनकाबाईचा भाऊ कोंडीबा पैनगंगेपलीकडे, उमरखेडच्या रस्त्यावर राहतो. बहिणीनं मला काय सांगितलं ते त्याला माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. माझी रीत अशी आहे: जे पाहिजे ते विचारायचं नाही. बैलांचं विचारायचं, पावसाचं विचारायचं, माणूस आपोआप त्या वाटेला येतो. वही समोर काढायची नाही. कानानं घ्यायचं आणि घरी येऊन उतरवायचं. तीन पुस्तकं अशीच लिहिली. आणखी एखादा माणूस गाठला असता तर 'टेंभधरीचे तिघे'ही बरोबर उतरलं असतं. पण किशनराव सांगत होते, आणि किशनरावांनी सांगितल्यावर दुसऱ्याला विचारणं मला त्यांच्यावर अविश्वास वाटला.

मी म्हणालो, "तुमच्या भाच्याची मेंढरं चांगली आहेत. किती वर्षांचा झाला?"

"निजाम गेला त्या सालचा हाय तो. उन्हाळ्यातला." कोंडीबा बिडी पेटवत म्हणाला. "आमी इकडं शेरडं पाजून राहिलो व्हतो. बुढी एकदम वरडली, दोन हाय, दोन हाय. मले वाटलं दोन साप निघाले. पाहतो तं टेकडीवर धूर. बुढीनं तवाच गूळ फोडला. मले खडा भेटला, इतकुसा." त्यानं अंगठ्याचं नख दाखवलं. "थोड्या येळानं बंदुका वाजल्या. बुढी म्हने, पोरगं झालं म्हनून बार काढून राहिले."

तो हसला, मग हसू विरलं. बिडीही विझली. ती त्यानं परत पेटवली नाही.


५ ऑगस्ट, रविवार

भुजंगाला घेऊन टेंभधरीच्या घळीत उतरलो. पुस्तकात त्या घळीचं अडीच पानं वर्णन आहे आणि मी तिथे आज पहिल्यांदा गेलो. लाज वाटली. तेव्हा किशनराव म्हणाले होते, वाट नाही तिथं, मी सांगतो तसं लिही.

वाट होती. शेळ्यासुद्धा जातात.

खाली उभं राहिलं की वर आभाळाची एक पट्टी दिसते, धोतराच्या काठाएवढी. टेकडी दिसत नाही. मी पुढे जाऊन बघितलं, मागे जाऊन बघितलं, दगडावर चढलो. भुजंग वर टेकडीवर गेला आणि त्यानं ओला लिंब पेटवला. ओरडून विचारलं, "दिसून राहिला का?" त्याचा आवाज आला, धूर नाही दिसला.

मग आम्ही नाक्यावर गेलो. भिंती उभ्या आहेत. छपरावर निम्मी कौलं अजून आहेत. अंगणात उभं राहून मान वर केली तर टेकडी समोर, आणि भुजंगाच्या विस्तवाचा उरलेला धूर बरोबर कौलांच्या वर.

पंचवीस वर्षांत दरडी कोसळतात, झाडं वाढतात. आणि माणूस जिवाच्या भीतीनं पळत असताना कुठे पोचेल सांगता येत नाही. पळता पळता किशनराव नाक्याच्या बाजूला आले असतील.

किशनरावांनी सांगितलेलं कौलांचं आणि हे माझं म्हणणं, दोन्ही मी भुजंगाला बोलून दाखवलं.

"नाक्याकडं पळाले?" त्यानं इतकंच विचारलं आणि पुढे चालू लागला.


१२ ऑगस्ट

मशीन आठ दिवस बंद. पाठ दुखते असं सगळ्यांना सांगतो आहे. माझी बायको पद्मा ओसरीवर छापलेल्या पानांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी किशनरावांना भेऊन राहिले, का त्यांच्यासाठी भेऊन राहिले? एकदा ठरवा. मशीन गंजून राहिलं."

मी म्हणालो, तुला यातलं काही कळत नाही. ती म्हणाली, "बरं."


२६ ऑगस्ट, रविवार

किशनराव स्वतः छापखान्यात आले. काठी टेकत, वाटेत दोनदा बसून. पाचव्या प्रकरणाचा जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा मशीनवर चढलेला होता. त्यांनी उलटी अक्षरं वाचली, ते अजून माझ्यापेक्षा भरभर वाचतात. सटवाजीच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आहे ना? मग छाप. मी बसतो."

ते बसले. पद्मानं चहा केला. त्यांनी अर्धा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला.

मी छापला. हजार प्रती. सटवाजी हजार वेळा हसला.


२ सप्टेंबर

तोड सापडली. शुद्धिपत्र. पुस्तकात चूक राहिली की आम्ही चिठ्ठी छापून पहिल्या पानावर डकवतो, तशी. किशनरावांना दुखवायला नको, जनकाबाईचंही होईल. मजकूर असा: 'पृष्ठ ६१, ओळ ९. सटवाजीने धूर करून खबर दिली, याऐवजी, सदर धूर अन्य घरगुती कारणाने झालेला होता, असे वाचावे.'

पद्मानं वाचलं. चिठ्ठ्या डकवायला बसली.


१७ सप्टेंबर, सोमवार

टेंभधरी. शाळेपुढे मांडव. किशनरावांना शाल, मानपत्र. मुलं म्हणाली, आजोबा की जय. मला बोलायला लावलं. मी शुद्धिपत्र वाचून दाखवलं. पृष्ठ, ओळ, सदर, अन्य, वाचावे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही कळलं असेल असं वाटत नाही, भाषण संपलं म्हणून टाळ्या.

किशनरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. छातीत कळ येते म्हणून जीपमधून लवकर गेले.

मग शाळेचं नाटक. माझ्याच पुस्तकावरून. मी हेडमास्तरांना गाठलं, म्हणालो, धनगराचा प्रवेश गाळा, आत्ताच मी सांगितलं ना. ते म्हणाले, "अहो हरिचंदभाऊ, पोरांनी महिनाभर पाठ केलंय. अन् तोच प्रवेश रंगतो. तुम्हीच तर लिहिलाय." काळी घोंगडी पांघरलेला सटवाजी आला. गवत पेटवलं. एकदा, दोनदा. मग प्रेक्षकांकडे तोंड करून हसला. पुढच्या रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून शिव्या देऊ लागल्या. एक म्हातारा उठून चप्पल दाखवत होता. नाटकातल्या पोराला ते इतकं आवडलं की तो परत हसला.

मांडवाच्या शेवटच्या बांबूपाशी जनकाबाई आणि भुजंग उभे होते. मी त्यांच्याकडे जायचं टाळत होतो, पण तीच आली.

"वाचलं मी," मी म्हणालो. "चिठ्ठी प्रत्येक पुस्तकात आहे."

"आयकलं." ती मांडवाकडे बघून म्हणाली. "भाऊ, खोटं तुमी किती चांगलं सांगितलं व्हतं. मला वाचून दाखवलं तवा मीच रडले, त्या तिघांसाठी. अन् खरं सांगायची बारी आली तर पावती वाचल्यावानी काहून वाचून राहिले?"

राग नव्हता तिच्या आवाजात. राग असता तर मी हसून वेळ मारून नेली असती.


१८ सप्टेंबर

आज काही केलं नाही.


३० सप्टेंबर, रविवार

पाचवं प्रकरण पुन्हा लिहिलं. दहा दिवस लागले. पाच दिवस आधी आहे तेच बदलत बसलो, मग सगळं फाडलं आणि चुलीपासून सुरुवात केली. बाळंतिणीच्या अंगाला येणारा वेखंडाचा वास, गवऱ्यांवर उतू जाणारं दूध, वारा नसलेली दुपार. पल्याडची म्हातारी ओरडते, दोन हाय, दोन हाय. कोंडीबाचा गुळाचा खडा. मग सटवाजी बायकोकडे बघतो आणि हसतो. ते वाक्य मी बदललं नाही. एक अक्षरही नाही. फक्त आता ते वेगळ्या जागी आहे. आणि मग बंदुका, ज्या म्हातारीला पोरगं झालं म्हणून उडवलेल्या वाटतात.

आज सकाळी गायरानात जाऊन वाचून दाखवलं. भुजंगानं परवाच्या बाजारात निम्मी मेंढरं विकली आहेत. दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाला होता, नाटक बघून थांबला नाही. उरलेली राहतील की नाही ते तोही सांगत नाही. माझ्याकडे पाठ करून बसला होता, पण मान तिरकी होती, म्हणजे ऐकत होता.

जनकाबाईनं मध्येच थांबवलं. "वेखंड न्हाई, आमी लसणाची साल जाळतो." मी खोडलं, लिहिलं. "अन् मालकांचं धोतर फाटकं व्हतं ते काहून लिवलं?" तेही खोडलं. बंदुका आल्या तेव्हा तिनं डोळे मिटले.

संपल्यावर भुजंग तसाच पाठमोरा म्हणाला, "मंग त्यायला घळ दावली कोनं?"

माझ्या तोंडात शब्द तयार होते. दरडी कोसळतात, झाडं वाढतात, माणूस पळताना कुठेही पोचतो. बशीतला चहा दिसत होता मला. मी कागद नीट करत बसलो, ते आधीच नीट होते.

"तुमाला ठावं हाय," जनकाबाई म्हणाली.

मी मान हलवली. कशी हलवली मलाच माहीत नाही, आडवी की उभी.

"नाव लिवू नका," ती म्हणाली. "त्याच्या बी घरी सून आसंल, नातू आसंल. त्यायनं काय केलं? बुकात नाव आलं की घराचं काय व्हतं ते मला इचारा."

"आई," भुजंग म्हणाला.

"गप." तिनं चुलीत काटकी सारली. धूर डोळ्यांत गेला तसं तोंड बाजूला घेतलं. मग माझ्याकडे वळून, भाजी कशी चिरायची ते सांगावं तशा आवाजात म्हणाली, "नाव लिवू नका, भाऊ. पन धूर कुठून दिसत व्हता अन् कुठून दिसत नव्हता, ते मात्र बराबर लिवा. कौलांसकट."